आधी खांब बघा, मग कौलं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुण्याच्या नारायण पेठेत शंभरीच्या आसपासचा दोन चौकी वाडा, सागवानी सांगाडा, वर मंगलोरी कौलं. गेले तीन पावसाळे मधल्या सोप्यावर (ओसरीवर) आणि माडीवरच्या एका कोपऱ्यात गळतंय. एक ठेकेदार म्हणतो, सगळी कौलं उतरवा, पत्रा टाकू. दुसरा म्हणतो, वरून केमिकल मारू, दहा वर्षांची गॅरंटी. घरात चार बिऱ्हाडं, त्यातली दोन भाडेकरू, आणि मे उजाडलाय. ऐकायचं कुणाचं?

सध्या कुणाचंच नाही. दोघंही वर काय घालायचं ते सांगताहेत. पाणी कुठून शिरतंय, आणि इतकी वर्षं शिरत नव्हतं ते आत्ताच का शिरायला लागलं, याबद्दल दोघांच्याही कोटेशनमध्ये अवाक्षर नसणार. मी तीसेक वर्षं पेठांतले वाडे, दोन-तीन जुन्या शाळा आणि देवळांचे सभामंडप यांच्या लाकूडकामाची आणि छपरांची दुरुस्ती करतोय. तुमचा वाडा पाहिलेला नाही, त्यामुळे खालचं किती लागू पडेल ते पाख्यांचा (छपराच्या उतरत्या बाजूंचा) उतार, लाकडाची तब्येत आणि शेजारी काय उभं आहे यावर ठरेल.

पहिली गोष्ट, जिथे थेंब पडतो तिथे वर बघून काही कळत नाही. कौलातून शिरलेलं पाणी वाशाच्या (छपराच्या उतरत्या लाकडाच्या) पोटाला धरून उतरत जातं आणि एखादी गाठ, खिळा किंवा तडा आडवा आला की तिथे सुटतं. पंधरा-सोळा फूट लांबून आलेलं पाणी मी पाहिलंय. म्हणून माळ्यावर चढा, बॅटरी वाशाला समांतर धरा आणि काळपट ओघळाची रेघ थेंबापासून आढ्याच्या, म्हणजे छपराच्या माथ्याच्या, दिशेने शोधत जा. जिथे रेघ संपते त्याच्या आसपास पाणी शिरतं. तिथे खडूने तारीख लिहून ठेवा. दुपारी माळ्यावरून कौलांच्या फटींतून उजेडाचे ठिपके दिसतात, त्याला घाबरू नका. कौलांच्या सांध्यातून तिरपा उजेड येतोच, आणि त्याच फटींमुळे लाकूड शंभर वर्षं वाळत राहिलंय.

दुसरी गोष्ट, घरातल्या माणसांना विचारा. वाड्यातल्या एखाद्या आजी मिस्त्रीपेक्षा जास्त सांगतात, कारण पातेलं कुठे आणि कधी ठेवायचं हे त्यांनाच माहीत असतं. मी प्रत्येक वेळी एकच विचारतो: पाऊस सुरू झाल्यावर किती वेळाने गळतं, आणि थांबल्यावर किती वेळ गळत राहतं? सर आली की पाच मिनिटांत थेंब सुरू होत असेल तर कौल फुटलंय किंवा सरकलंय. दोन-तीन तासांच्या झिमझिम पावसानंतर सुरू होऊन पाऊस थांबल्यावरही रात्रभर ठिबकत असेल तर भिंत पाणी पितेय. वळवाच्या धो-धो सरीत गळतं पण आषाढाच्या भुरभुरीत नाही, म्हणजे पन्हळ तुंबते किंवा अपुरी पडते. फक्त पश्चिमेकडून वाऱ्याचा झोत आला की गळत असेल, तर आढ्यावरचे कोने (माथ्याची कौलं) किंवा भिंतीलगतचा सांधा तपासा.

आणि पाऊस नसतानाही गळत असेल तर नळ! कसब्यातल्या एका वाड्यात दोन वर्षं कौलं परतून झाली होती. मी गेलो तेव्हा तिथल्या काकू सहज म्हणाल्या, "पाऊस असो नसो, सकाळी सहालाच जास्त गळतं." सहाला महापालिकेचं पाणी यायचं. मागच्या बाजूला नंतर घातलेल्या स्लॅबवर टाकी होती, तिचा बॉलकॉक अडकायचा आणि ओसंडलेलं पाणी स्लॅबखालच्या तुळईवरून पार पुढच्या खोलीपर्यंत यायचं. दोनशे रुपयांच्या बॉलकॉकपायी त्या लोकांनी दोनदा छप्पर उघडलं होतं.

आता पावसाची वाट न पाहता करता येण्यासारखी तपासणी. साधी बागेची नळी घ्या. एक माणूस आत, एक बाहेर. वळचणीपासून (छपराच्या खालच्या कडेपासून) सुरुवात करा आणि एकेका टप्प्यावर पंधरा-वीस मिनिटं पाणी सोडत वर सरका. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि काहीच कळत नाही. नळीचं तोंड कौलाखालून वरच्या दिशेने मारू नका, त्या कोनातून पाऊस कधी येत नाही. मे महिन्यात पुण्यात पाणी वाया घालवतो म्हणून शेजारी बोलणी देतील, ती ऐकून घ्या.

माझ्या अनुभवात पाख्याच्या मधोमध गळती क्वचित. ती असते दोन गोष्टी जिथे भेटतात तिथे. चौकी वाड्यात आतली पाखी चौकात उतरतात, म्हणजे चौकाच्या प्रत्येक कोपऱ्यात दोन पाखी मिळून एक तिरकी पन्हळ होते. दोन चौक म्हणजे अशा आठ. तिथला जुना जस्ती पत्रा पाल्याखाली सडतो आणि वरून दिसत नाही, कारण दोन्ही बाजूंनी कौलं त्याच्यावर आलेली असतात. पन्हळीतली कौलं उचलून बघितल्याशिवाय पुढचं काही ठरवू नका. नवा पत्रा घालताना मी तो एकूण दोन फूट रुंद ठेवतो, दोन्ही कडा आत वळवतो म्हणजे पाणी उडी मारत नाही, आणि तुकड्यांचा एकमेकांवरचा चढाव सहा इंच तरी देतो.

तुमच्या पश्चिमेला चार मजली इमारत झाली आहे असं तुम्ही लिहिलंय. माझा पहिला संशय तिथेच. पेठांमधले वाडे भिंतीला भिंत लावून. शेजारचा वाडा पडून तिथे आरसीसी उभं राहिलं की त्या उंच भिंतीवर आपटणारा पाऊस ओघळून थेट तुमच्या पाख्यावर येतो. तुमच्या आजोबांच्या काळी त्या सांध्याला जेवढं पाणी सोसावं लागायचं त्याच्या कितीतरी पट आता येतं. त्यात तो सांधा बहुतेक वेळा सिमेंटच्या गोळ्याने भरलेला. लाकडी सांगाडा ऋतूप्रमाणे हलतो, शेजारची भिंत हलत नाही, सिमेंट दोन वर्षांत सुटतं. आपण दर मे महिन्यात त्याच्यावर आणखी सिमेंट थापतो. तिथे भिंतीत खाच मारून पत्र्याची पट्टी आत खोचली पाहिजे आणि तिचं दुसरं टोक कौलांवर मोकळं सोडलं पाहिजे, म्हणजे दोघांना आपापलं हलता येईल. खाच शेजाऱ्यांच्या भिंतीत मारावी लागेल. त्यांच्याशी गोड बोलणं हा या कामातला सगळ्यात अवघड भाग आहे, आणि तो मला शिकवता येणार नाही.

बाकीची कारणं उरकून टाकतो: मांजरं, माकडं, आंब्याची फांदी, पिंपळाचं रोप, आणि इंटरनेटची वायर टाकायला कौलांवरून बूट घालून चाललेला मुलगा.

आता ज्यासाठी एवढं लिहायला बसलो ते. लाकडी इमारतीत छप्पर स्वतंत्र नसतं. कौलं रिपांवर (पातळ आडव्या पट्ट्यांवर), रिपा वाशांवर, वासे आढ्यावर आणि तुळयांवर, तुळया खांबांवर आणि खांब दगडी उथळ्यांवर. सगळं खाच आणि कुसवांनी (खाचेत बसणाऱ्या लाकडाच्या जिभांनी) एकमेकांत बसवलेलं. खालचं काही हललं की वर कौलांना कळतं. शनिवार पेठेतल्या एका वाड्यात चौकाच्या एकाच कोपऱ्यातली पन्हळ सतत भरून वाहायची. पत्रा दोनदा बदलला होता आणि दोन्ही वेळा नवा पत्रा चांगला होता. मी पाण्याची लेव्हल-नळी लावून तळमजल्यापासून मापं घेतली, तर त्या कोपऱ्यातला खांब दीड इंच खाली गेलेला. कारण? उथळ्याच्या शेजारून जाणारी संडासची जुनी लाइन फुटली होती आणि खालची माती वर्षानुवर्षं भिजत होती. खांब बसला, तुळई तिरपी झाली, वरच्या पन्हळीचा उतार गेला. काम कुठे केलं? जमिनीत. लाइन बदलली, खांबाला धीरे (टेकू) देऊन इंचाच्या सोळाव्या हिश्शाने रोज थोडा थोडा उचलला, उथळ्याखाली पाया भरला. पन्हळीला हातसुद्धा लावला नाही.

नदीकाठच्या पेठांमध्ये हे जास्त दिसतं. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा या भागातल्या मातीच्या भिंती तासन् तास पाण्यात होत्या. जे वाडे पडले ते पडले, जे उरले त्यांतले कित्येक थोडे थोडे वाकून उभे राहिले आणि नंतर तळमजल्यावर सिमेंटने बुजवले गेले. तुमच्याकडे तसं झालंय का ते घरातल्या ज्येष्ठांना विचारा.

तेव्हा वर चढण्याआधी चार सोपी मापं घ्या. आढ्यापासून वळचणीपर्यंत पाख्यावर दोरी ताणा. मध्ये पोट पडलं असेल तर वासे थकलेत, आणि तिथे कौलांचे सांधे उघडलेले असणार. अशा पाख्यावर नवी कौलं घालूनही गळणारच. मग उतार मोजा. मंगलोरी कौलाला दोन फूट आडवं गेल्यावर फूटभर खाली, एवढा तरी उतार हवा. त्याहून सपाट झालं की झोताबरोबर पाणी सांध्यातून मागे चढतं. माडीच्या जमिनीवर गोटी ठेवा, घरंगळते का आणि कुणीकडे. आणि प्रत्येक खांबाला ओळंबा (दोरीला टांगलेलं वजन) लावा, कललाय का ते कळेल.

लाकडाचं परीक्षण डोळ्याने होत नाही, विशेषतः ऑइलपेंट फासलेल्या लाकडाचं. धोका असतो तुळईच्या भिंतीत गेलेल्या टोकाला. तिथे हवा नाही, आणि बाहेरून कुणीतरी 'मजबुतीसाठी' सिमेंटचा गिलावा केला असेल तर भिंतीतली ओल बाहेर न जाता त्या टोकात उतरते. बाहेरचा भाग शिसवीसारखा चकचकीत आणि आत भुस्सा, असं मी कित्येकदा पाहिलंय. हातोडीने टकटक करत जा. भरीव आवाज भिंतीजवळ बद्द झाला की थांबा. पेचकस खुपसून बघा, सहज अर्धा इंच आत गेला तर तो भाग गेलेला. शंका असेल तिथे चार-पाच मिलिमीटरचं बारीक भोक पाडून निघणारा कीस तळहातावर घ्या. सोनेरी, कोरडा, तेलाचा वास असलेला कीस म्हणजे साग जिवंत आहे. काळपट दमट चुरा म्हणजे कुजलंय. ओलावा मोजायचं छोटं यंत्र मिळतं, ते वीस टक्क्यांच्या वर दाखवायला लागलं की बुरशीचं फावतं. वाळवीची मातीची नळकांडी दिसली तर ती फोडून टाकण्याआधी कुठून येतात ते पाहा.

टोक कुजलं म्हणून अख्खी तुळई बदलायची नसते. कुजका भाग कापून, निरोगी लाकडाला तिरका सांधा मारून जुन्याच सागाचा तुकडा जोडायचा, किंवा दोन्ही बाजूंनी लोखंडी चॅनेल देऊन बोल्ट करायचे. भिंतीत टोकाभोवती इंचभर हवा खेळती ठेवायची आणि खाली दगड द्यायचा. शेजारच्या निरोगी लाकडाला बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं द्रावण पाजायचं. जोडायला पाडलेल्या वाड्यांचा जुना साग मिळाला तर उत्तम, तो आटून झालेला असतो. नवं ओलं लाकूड बसवलंत तर पुढच्या उन्हाळ्यात सांधा उघडेल.

आता तुमचे दोन ठेकेदार. केमिकलवाल्याला चहा पाजून परत पाठवा. स्लॅबवर त्या लेपांचा उपयोग असतो, कौलांवर नाही. प्रत्येक कौल सुटं असतं, उन्हात आणि वाऱ्यात हलतं, लेप सांध्यावरच फाटतो. फाटला नाही तर जास्त वाईट, कारण आतली वाफ कोंडते आणि लाकूड आतून भिजतं. शिवाय लेप फासलेलं कौल पुन्हा काढून वापरता येत नाही. आणि गॅरंटी? तिसऱ्या वर्षी तो मोबाइल नंबर लागत नाही.

पत्रेवाल्याचं म्हणणं इतकं सरसकट उडवून लावण्यासारखं नाही. हिशेब बघा. एक कौल साधारण अडीच किलो, चौरस मीटरला पंधराएक कौलं. तुमचं छप्पर समजा २००० चौरस फूट असेल तर सात टनांच्या आसपास वजन, ओल्या कौलांचं आणखी जास्त. अर्धा मिलिमीटरचा पत्रा तेवढ्याच जागेला टनभरसुद्धा भरत नाही. सांगाडा खरोखर थकला असेल, किंवा उतार सपाट असेल, तर पत्रा हा प्रामाणिक पर्याय आहे. पण त्या सात टनांनीच कुसवांचे सांधे दाबून धरलेले असतात, हे ठेकेदार सांगत नाही. वजन काढलंत की छपराला वाऱ्याने उचलण्यापासून अडवणारं काही उरत नाही. मग पत्र्याचे स्क्रू रिपेत मारून भागत नाही. रीप वाशाला, वासा तुळईला, तुळई भिंतीला आणि खांबाला लोखंडी पट्ट्यांनी बांधत खाली आणावी लागते. हे कोटेशनमध्ये आहे का विचारा. नसेल तर तो स्वस्त दर कशामुळे आहे ते तुम्हाला कळलं. शिवाय पत्र्याखालच्या माडीत एप्रिलमध्ये दुपारी बसून बघा, आणि जुलैमध्ये फोनवर बोलून बघा.

सांगाडा बरा निघाला तर मी कौलंच ठेवतो आणि त्यांच्याखाली एक थर वाढवतो. वाशांवर श्वास घेणारी पाणरोधक चादर, तिच्यावर वाशांच्या रेषेत उभ्या पट्ट्या, त्यांच्यावर आडव्या रिपा, मग कौलं. एखादं कौल फुटलं तरी पाणी चादरीवरून उभ्या पट्ट्यांच्या मधून सरळ वळचणीला जातं, आणि कौलांखाली हवा खेळत राहते. साधं प्लास्टिक मात्र घालू नका, घाम धरतं.

जुनी कौलं फेकू नका. बोटाच्या पेराने वाजवा, खणखणीत वाजलं ते ठेवा, बद्द वाजलं ते बाजूला. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ मध्ये कारखाना काढला तेव्हापासून अनेक कारखान्यांनी ही कौलं केली आणि प्रत्येकाच्या खाचा केसभर वेगळ्या. त्यामुळे नवं कौल जुन्याच्या शेजारी नीट बसत नाही. चांगली निघालेली जुनी सगळी एका पाख्यावर घ्या, नवी सगळी दुसऱ्यावर. मिसळलीत तर गळती विकत घेतलीत. शंभर चौरस फुटांना दीडशेच्या आसपास कौलं लागतात, वर दहा टक्के जास्त आणून ठेवा.

उतरवताना दोन चुका जीवघेण्या ठरतात. एक, सोयीचं म्हणून एक पाखं पूर्ण मोकळं करणं. आढ्याच्या एका बाजूला साडेतीन टन आणि दुसरीकडे शून्य, की जुना सांगाडा कलतो. दोन्ही बाजूंनी वरून खाली सारखं उतरवा, घालताना वळचणीपासून दोन्हीकडे सारखं चढवा. दोन, उतरवलेली कौलं माळ्यावर रचणं. चारशे कौलांचा ढीग म्हणजे एक टन, तोही कडीपाटाच्या (लाकडी जमिनीच्या) चार फुटांत. कौलं थेट खाली चौकात. आणि धीरे द्याल ते एका मजल्यापुरते नकोत. वरच्या धीऱ्याखाली बरोबर खालच्या मजल्यावर दुसरा, असं जमिनीपर्यंत.

भाडेकरूंबद्दल तुम्ही विचारलंय. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १४ प्रमाणे राहण्याजोगी दुरुस्ती ही घरमालकाची जबाबदारी. मालकाने टाळाटाळ केली तर किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेकरू ती स्वतः करून भाड्यातून वळती करू शकतात, पण वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंतच. पेठांमधली जुनी भाडी पाहता त्यात कौलांची एक ओळही येत नाही. म्हणून व्यवहारात चारही बिऱ्हाडांनी एकत्र बसून लेखी वाटणी ठरवणं बरं. वाडा वारसा यादीत आहे का ते महापालिकेत पाहून घ्या, असेल तर आधी परवानगी. धोकादायक म्हणून महापालिका कायद्याच्या २६४ कलमाची नोटीस आली असेल तर ती ड्रॉवरमध्ये ठेवू नका, आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून घ्या.

कोटेशन मागताना 'छप्पर दुरुस्ती एकूण' असा आकडा घेऊ नका. कौलकाम चौरस फुटावर, लाकूड घनफुटावर, पन्हळी आणि पट्ट्या धावत्या फुटावर, परांची वेगळी. आणि लाकडासाठी पाव हिस्सा जास्त बाजूला ठेवा, कारण उघडल्यावर तुळयांची टोकं काय दाखवतील ते मलाही आधी सांगता येत नाही.

राहिला मे महिना. पाऊस पुण्यात १० जूनच्या आसपास येतो आणि वळीव त्याआधीच. आत्ता छप्पर उघडू नका. या पंधरवड्यात पन्हळी साफ करा, फुटकी कौलं बदला, पश्चिमेच्या सांध्यावर तात्पुरती पट्टी आणि ताडपत्री नीट बांधून घ्या, आणि जिथे तुळईचं टोक बद्द वाजलं तिथे आजच धीरा लावा. त्या खोलीत कुणी झोपत असेल तर त्यांची पथारी हलवा. पावसाळाभर गळतीची वही ठेवा, दिवाळीनंतर काम काढा.

तोपर्यंत मला दोन फोटो पाठवा. कौलांचे नकोत. गळणाऱ्या कोपऱ्याच्या बरोबर खाली, तळमजल्यावर जो खांब आहे त्याच्या उथळ्याचा एक, आणि त्याच्या आसपास मोरी किंवा संडासची लाइन जात असेल तर तिचा एक.